ग्लायडरमधील टक्कररोधक यंत्र आणि ‘तीन मीटर’चा आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हडपसरच्या ग्लायडिंगबद्दल असो की कामशेतच्या पॅराग्लायडिंगबद्दल, हवाई खेळांवर लिहिताना एक वाक्य आता ठरूनच गेले आहे: ‘उपग्रहामुळे यंत्राला तीन मीटरपर्यंत अचूक जागा कळते, त्यामुळे हवेत टक्कर होण्याची भीती उरत नाही.’ यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि दुसरा धोक्याचा. नवे पायलट असली वाक्ये वाचून यंत्र विकत घेतात, ते मिळेल त्या जागी चिकटवतात आणि निश्चिंत होतात. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रवासी विमानातले टक्कररोधक यंत्र वेगळे. ते समोरच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणाला, रेडिओवरून विचारणा करते आणि उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने धडकून ३४९ माणसे गेली, त्यानंतर आपल्याकडे सक्तीचे झाले ते हे यंत्र. अंतर मोजायला त्याला उपग्रह लागत नाही. ग्लायडरला, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगणाऱ्या विमानाला, मात्र ते परवडत नाही. वीज असते ती एका छोट्या बॅटरीची, आणि एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात, पाच-सात ग्लायडर घारींसारखे घिरट्या घालत असतात. तिथे असे यंत्र अखंड ओरडत राहील. या अडचणीतूनच २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फ्लार्म हे ग्लायडरसाठीचे टक्कररोधक यंत्र आले आणि आल्प्सवर उडणाऱ्या ग्लायडरांत झपाट्याने पसरले.

फ्लार्मचे काम असे चालते. प्रत्येक ग्लायडरचे यंत्र उपग्रहांवरून स्वतःची जागा, उंची व वेग काढते, पुढच्या काही सेकंदांत आपण कोणत्या वाटेने जाऊ याचा अंदाज बांधते आणि साधारण दर सेकंदाला तो रेडिओवर सांगते. युरोपात हे ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. दुसऱ्याची वाट आणि आपली वाट एकमेकींच्या फार जवळ येताना दिसली की सूचना मिळते. धडकेला १३ ते १८ सेकंद असताना पहिली पायरी, ९ ते १२ सेकंदांवर दुसरी, ८ किंवा त्याहून कमी उरले की तिसरी. ताशी १८० किलोमीटरने समोरासमोर येणारे दोन ग्लायडर मिळून सेकंदाला १०० मीटर अंतर कापतात. म्हणजे तिसरी पायरी वाजते तेव्हा मध्ये फार तर ८०० मीटर उरलेले असतात, आणि समोरून दिसतो तो मीटरभर उंचीचा पांढरा ठिपका व दोन्हीकडे सुरीच्या पात्याएवढे पंख.

आता तीन मीटर. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. त्याआधी जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. तेव्हा असले यंत्र बनवण्यात अर्थच नव्हता. आज रिसीव्हरच्या, म्हणजे उपग्रहांचे संकेत पकडणाऱ्या भागाच्या, माहितीपत्रकावर ‘२.५ मीटर’ असे छापलेले असते. त्याचा खरा अर्थ असा की शंभरातल्या पन्नास नोंदी २.५ मीटरच्या वर्तुळात पडतात. उरलेल्या पन्नास बाहेर. शंभरातल्या ९५ नोंदी सामावून घ्यायच्या तर वर्तुळ दुपटीहून थोडे मोठे, पाच मीटरच्या वर काढावे लागते. हेही मोकळ्या आकाशाखाली आणि चांगल्या अँटेनावर. जीपीएस चालवणाऱ्यांनी २०२० च्या आपल्या मानकात दिलेली जगभराची सरासरी हमी ९५ टक्के वेळेसाठी आडवी ८ मीटर आणि उभी १३ मीटर आहे, आणि त्यात हवेतला व रिसीव्हरमधला दोष धरलेलाच नाही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा याहून बरे मिळते, पण टक्कर ‘बहुतेक वेळा’ या हिशेबाने टळत नसते.

उभी चूक आडवीपेक्षा मोठी का? उपग्रह सगळे आपल्या डोक्यावरच्या बाजूला असतात, पायाखाली एकही नसतो. पूर्वेकडची चूक पश्चिमेकडचा उपग्रह सावरतो. वरच्याला सावरायला खाली कुणी नाही. त्यामुळे उंची साधारण दीडपट ते दुप्पट चुकते. थर्मलमध्ये दोन ग्लायडर एकावर एक फिरत असतात तेव्हा त्यांच्यामधले अंतर पुष्कळदा तीस-चाळीस मीटरच असते, आणि नेमकी हीच बाजू यंत्राची कच्ची आहे.

एक दिलासा मात्र आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. टक्कर टाळायला जगाच्या नकाशावरची माझी अचूक जागा लागत नाही, दुसऱ्याच्या मानाने माझी जागा लागते. उपग्रहाच्या घड्याळातली व कक्षेतली चूक, आयनमंडलामुळे (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरामुळे) संकेताला होणारा उशीर, हे शेजारी-शेजारी उडणाऱ्या दोघांनाही जवळजवळ सारखेच भोगावे लागते. दोघेही चार मीटर ईशान्येला चुकले तर त्यांच्यातले अंतर बरोबरच राहते. महाराष्ट्रात तर हे फारच महत्त्वाचे. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात आयनमंडल दाट, आणि उशीर सर्वांत जास्त असतो तो दुपारी दोनच्या आसपास, म्हणजे ज्या वेळी थर्मल जोरात असतात त्याच वेळी.

पण ही वजाबाकी जमायला दोघांनी एकाच पद्धतीने चुकायला हवे. एकाचे यंत्र जुने, फक्त जीपीएस ऐकणारे. दुसऱ्याचे नवे, रशियाचे ग्लोनास आणि युरोपचे गॅलिलिओ हे उपग्रहही घेणारे. किंवा एकाच्या रिसीव्हरमध्ये इस्रो व विमानतळ प्राधिकरणाच्या ‘गगन’चे दुरुस्ती-संकेत चालू आणि दुसऱ्याचे बंद. अशा वेळी एकाची चूक दुरुस्त होते, दुसऱ्याची तशीच राहते आणि दोघांमधले अंतर दोघेही चुकले असते त्याहून वाईट निघते. एका क्लबच्या सगळ्या ग्लायडरांत रिसीव्हरची मांडणी सारखी ठेवावी असा माझा आग्रह आहे तो यासाठी. एकाच ग्लायडरवर महागडा रिसीव्हर बसवल्याने सगळ्यांची सुरक्षितता वाढत नाही.

उंचीत आणखी एक खड्डा आहे. उपग्रहांवरून निघणारी उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. आल्प्समध्ये दोहोंत सुमारे ५० मीटरचा फरक पडतो. पुण्याकडे तो साठ-सत्तर मीटरचा आणि उलट दिशेचा: समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवरची जागा लंबगोलापासून पाचशेच्या आसपास दाखवली जाते. सगळी यंत्रे एकच उंची वापरत असतील तर काहीच बिघडत नाही. घरी जुळवलेल्या एखाद्या ट्रॅकरने मात्र समुद्रसपाटीची उंची पाठवली आणि समोरच्याने ती लंबगोलाची समजली, तर एकाच पातळीवरचे दोघे एकमेकांना साठ मीटर वर-खाली दिसतील आणि सूचना वाजणारच नाही.

ट्रान्सपॉन्डर असलेल्या मोटार-विमानांची उंची तर हवेच्या दाबावरून येते. हवा प्रमाण तापमानापेक्षा दहा अंशांनी गरम असली तर दाबाची उंची सुमारे साडेतीन टक्के कमी भरते. उन्हाळ्यात वीस अंशांचा फरक धरला तर खऱ्या २,००० मीटरला दाबाचा हिशेब १,८७० च्या आसपास सांगतो. म्हणून अशा विमानाशी तुलना करताना दाब दाबाशीच ताडून पाहावा लागतो, आणि त्यासाठी आपल्या यंत्रातला दाबमापक शहाणा असावा लागतो. जमिनीलगत दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत आठ-नऊ मीटर. दाबमापक कॉकपिटमध्ये नुसता उघडा ठेवला असेल तर कॅनॉपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची, छोटी खिडकी सरकवली तरी त्याचे वाचन हलते.

एवढे मीटर मोजून झाल्यावर खरा घोटाळा जिथे होतो तिकडे येतो. तो वेळेचा आहे.

थर्मलमध्ये ग्लायडर ताशी १०० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटरने फिरतो. पंख ४० अंश कलते असतील तर वर्तुळाची त्रिज्या साधारण ९४ मीटर येते आणि एक फेरी २१ सेकंदांत पुरी होते. म्हणजे दर सेकंदाला नाक १७ अंश वळते. यंत्राने दिलेली जागा अर्धा सेकंद शिळी असेल तर ग्लायडर १४ मीटर पुढे गेलेला असतो. आयनमंडल, घड्याळ, कक्षा या सगळ्यांच्या चुका त्यापुढे किरकोळ. आणि ही शिळी जागा कागदावर अचूकच दिसते, कारण ती ज्या क्षणाची आहे त्या क्षणासाठी ती बरोबरच असते.

जागा शिळी होते कशी? रिसीव्हरच्या चिपमध्ये ‘आपण कशात बसलो आहोत’ याची एक सेटिंग असते: पायी, मोटारगाडी, जहाज, विमान. पायी किंवा गाडीच्या सेटिंगमध्ये चिप वेगातले झटके चूक समजून दाबून टाकते, रेषा गुळगुळीत करते. नकाशावर ती छान दिसते. ग्लायडरमध्ये मात्र वर्तुळ आतल्या बाजूला आक्रसते आणि जागा मागे रेंगाळते. कंपनीच्या फ्लार्ममध्ये हे आधीच नीट केलेले असते. स्वस्त मॉड्यूल आणून घरी बांधलेल्या यंत्रांत ही सेटिंग मूळची तशीच राहून गेलेली पुष्कळदा सापडते. तपासायला सोपे आहे. यंत्र गाडीत ठेवून सरळ, मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० च्या स्थिर वेगाने एका ठळक खुणेवरून जा आणि त्याच वेगाने उलट परत या. खूण ओलांडल्याचा क्षण दोन्ही वेळा सेकंदासह टिपा. गाडी चालवणाऱ्याने नव्हे, शेजारच्याने. अर्ध्या सेकंदाचा उशीर असेल तर दोन्ही वेळा जागा आठ-आठ मीटर मागे पडेल, म्हणजे जाताना-येतानाच्या दोन बिंदूंत सोळा-सतरा मीटरची फट दिसेल.

दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे अँटेनाची जागा. उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोचतो तोवर त्यात वॅटच्या कोट्यंश भागाच्याही कोट्यंशाच्या साधारण शंभराव्या भागाएवढाच जीव उरलेला असतो. काचतंतूतून तो पार होतो, कार्बनतंतूतून होत नाही. आधुनिक ग्लायडरची कॉकपिट पुष्कळदा कार्बनचीच असते. त्यामुळे अँटेना पॅनेलच्या वर, कॅनॉपीच्या काचेखाली, चपटी बाजू आकाशाकडे करून बसवायची. पॅनेलच्या पोटात नाही, पायलटच्या मांडीजवळ नाही. फ्लार्मचा रेडिओ अँटेना तिच्यापासून किमान वीतभर दूर आणि उभा हवा. ८६८ मेगाहर्ट्झला पाव लहर म्हणजे साडेआठ सेंटिमीटर; एवढ्या लांबीची कांडी आडवी पडलेली असेल, किंवा होकायंत्राला अथवा धातूच्या पट्टीला टेकलेली असेल, तर तिचे काही दिशांचे कान बंद होतात. जागा कितीही अचूक काढली तरी ती दुसऱ्याला ऐकूच गेली नाही तर काय उपयोग? तिसरी गोष्ट शेजारधर्माची: स्वस्त यूएसबी चार्जर आणि ॲक्शन कॅमेरा उपग्रहाच्या पट्ट्यात कचरा ओततात. पॅनेलवर कॅमेरा चालू केला की उपग्रहांची संख्या घटते का, हे जमिनीवर उभ्या उभ्या पाहता येते.

आणि वळणात काय होते? ग्लायडर ४० अंश कलला की अँटेनाही कलते. एका बाजूचे उपग्रह पंखाआड किंवा पायलटच्या डोक्याआड जातात, उरलेले एकाच बाजूला गोळा होतात आणि अचूकता ढासळते. टक्करीचा धोका जास्त त्या थर्मलमध्येच हे घडते. सरळ उड्डाणात घेतलेला आकडा म्हणूनच मला पुरेसा वाटत नाही.

हे सगळे उड्डाणाच्या नोंदीतून दिसते. फ्लार्मची बहुतेक यंत्रे आयजीसी पद्धतीची (ग्लायडिंगच्या नोंदींसाठी ठरलेली) फाइल लिहितात आणि ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही उघडते. त्यातली ‘बी’ने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद. पहिले सहा अंक वेळेचे, तेही जागतिक वेळेप्रमाणे. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवायचे. पुढे अक्षांश: १८३०१२३ म्हणजे १८ अंश ३०.१२३ मिनिटे. शेवटचा अंक मिनिटाच्या हजाराव्या भागाचा, म्हणजे १.८५ मीटरचा, त्याहून बारीक ही ओळ बोलूच शकत नाही. मग रेखांश. त्यानंतरचे एक अक्षर नीट पाहावे: ‘ए’ असेल तर जागा आणि उंची दोन्ही पक्की, ‘व्ही’ असेल तर उंची उपग्रहाची नाही. शेवटी पाच अंक दाबाच्या उंचीचे आणि पाच अंक उपग्रहाच्या उंचीचे. काही यंत्रे त्यापुढे अंदाजे चूक मीटरमध्ये आणि वापरलेल्या उपग्रहांची संख्याही लिहितात. ते रकाने मिळाले तर सोन्याहून पिवळे.

आधी नोंदीचा अंतराल एक सेकंद करा. उड्डाणापूर्वी ग्लायडर मोकळ्या मैदानात दहा मिनिटे स्थिर ठेवा आणि बिंदू किती पसरतात ते पाहा. मग थर्मलमध्ये किमान दहा फेऱ्या डावीकडे, दहा उजवीकडे. सलग दोन नोंदींतले अंतर २८ मीटरच्या आसपास राहायला हवे. कधी १०, लगेच ५० असे उड्या मारत असेल तर रिसीव्हर धापा टाकतो आहे. उपग्रहांची संख्या दर वीस-एकवीस सेकंदांनी, ग्लायडरचे नाक एकाच दिशेला असताना पडत असेल तर अँटेनाला कशाची तरी सावली आहे. डावीकडे पडते आणि उजवीकडे नाही, असे दिसले तर अँटेना दुसऱ्या बाजूला न्या आणि पुन्हा मोजा. रेडिओचा पल्ला तपासायला फ्लार्मच्या संकेतस्थळावर हीच फाइल चढवता येते. इतर ग्लायडर कोणत्या दिशेने किती दुरून ऐकू आले याचा आराखडा तिथे मिळतो. त्यात मागच्या बाजूला मोठी खाच दिसली तर पाठीमागून येणारा कळणार नाही, हे आधीच समजते.

पडद्यावरच्या बाणाबद्दल फारसे कुणी सांगत नाही, म्हणून ते इथे. फ्लार्म दुसऱ्याची दिशा सांगते ती आपल्या जमिनीवरच्या वाटेच्या मानाने, नाकाच्या मानाने नव्हे. उपग्रहाला नाक कुठे आहे ते ठाऊक नसते. ताशी १०० ने उडणाऱ्या ग्लायडरवर ३० चा आडवा वारा असेल तर नाक आणि वाट यांत १७ अंशांचा फरक पडतो. पर्वतलहरीत, म्हणजे डोंगर ओलांडणाऱ्या वाऱ्यात उठणाऱ्या लाटेत, उलट्या वाऱ्याचा जोर ग्लायडरच्या वेगापेक्षा जास्त झाला तर जमिनीवरची वाट मागे सरकते आणि ‘समोर’ म्हणून दाखवलेला ग्लायडर शेपटीकडे असतो. कामशेतच्या डोंगराला लागून उडणाऱ्या पॅराग्लायडरला हे जास्तच लागू आहे: पॅराग्लायडरचा वेग ३८, कड्यावर आदळणारा वारा २५, की कड्याच्या समांतर जाताना फरक ४१ अंशांचा. दिशा सांगण्याच्या घड्याळी भाषेत (समोर बारा, तासाला ३० अंश) जवळजवळ दीड तास. त्यात जवळच्या अंतरावर बाण तसाही डगमगतो. शंभर मीटरवर दोघांमधल्या जागेत दहा मीटरची चूक असेल तर दिशा सहा अंशांनी हलते, तीस मीटरवर अठरा अंशांनी. सूचना वाजली की बाणाच्या दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंश नजर फिरवायची, आणि वर-खालीही.

बाकीचे थोडक्यात. वर्षातून एकदा फर्मवेअर, म्हणजे यंत्रातली आज्ञावली, नवे करा. २०१५ मध्ये फ्लार्मने संदेशाची रचना बदलली तेव्हा जुन्या आवृत्तीची यंत्रे नव्या यंत्रांशी बोलेनाशी झाली होती. यंत्रात विमानाचा प्रकार बरोबर भरा, कारण ग्लायडर, ग्लायडरला ओढून वर नेणारे (टो करणारे) विमान आणि पॅराग्लायडर यांच्या पुढच्या वाटेचा अंदाज वेगवेगळा बांधला जातो. ट्रान्सपॉन्डर असेल तर त्याचा आणि फ्लार्मचा पत्ता, म्हणजे ओळख-क्रमांक, एकच हवा. एक अक्षर चुकले तरी आपलेच भूत आपल्या उंचीवर आपल्याला चिकटून फिरते, आणि चार दिवसांत पायलट सूचनेकडे काणाडोळा करायला शिकतो.

मावळातल्या पॅराग्लायडिंग शाळांना शेवटी एकच विनंती. बाजारातल्या काही व्हॅरिओमध्ये (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या यंत्रांत) फ्लार्मचा संदेश फक्त पाठवला जातो. तुम्ही इतरांना दिसता, पण इतर तुम्हाला दिसत नाहीत आणि धोक्याची सूचनाही येत नाही. काही यंत्रे फ्लार्मऐवजी फॅनेट नावाच्या निराळ्या भाषेत बोलतात. टेक-ऑफच्या जागी एक फळा लावा आणि त्या दिवशी उडणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: यंत्र कोणत्या भाषेत बोलते, ते ऐकतेही की नुसते सांगते, आणि त्याचे फर्मवेअर कोणत्या वर्षीचे. चेकलिस्टमध्ये हार्नेसचे बक्कल आणि राखीव पॅराशूटची पिन जशी आहे तशीच ही ओळही असावी.

आपला,
विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे काम करणारा एक वाचक, पुणे